आर्थस बिघडला तो स्ट्रॅटहोमला नव्हे, बोटी जाळल्या तेव्हा

मोडका बुरूज
'वॉरक्राफ्ट ३' हा व्हिडिओ गेम २००२ चा. तेव्हापासून आर्थसचा विषय निघाला की सगळे स्ट्रॅटहोमच्या वेशीवर जाऊन बसतात आणि तिथून हलत नाहीत. ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लॉर्डेरॉनचा युवराज आर्थस, पंथाने पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा. राज्यात शापित धान्यातून रोग पसरतोय. ते धान्य खाल्लेला माणूस मरतो आणि झाँबी होऊन उठतो. स्ट्रॅटहोममध्ये धान्य वाटून झालंय, माणसं अजून जिवंत दिसतायत, आणि आर्थस म्हणतो, सगळं शहर कापून काढा. गुरू उथर नकार देतो, जादूगार मैत्रीण जेना निघून जाते.

माझं म्हणणं, त्या शहरावरून त्याला राक्षस ठरवता येत नाही. निर्णय भयंकर होता, पण त्यामागचं गणित खोटं नव्हतं. खरा पुरावा दोन मिशन पुढे, नॉर्थरेंडच्या बर्फात आहे. उथरच्या विनंतीवरून राजा सैन्याला परत बोलावतो. सैनिक बोटींकडे निघतात. आर्थस पैसे मोजून भाडोत्री टोळ्या घेतो, सैनिक किनाऱ्यावर पोचायच्या आत बोटी जाळतो, मग त्याच सैनिकांसमोर त्या टोळ्यांकडे बोट दाखवून सांगतो, 'यांनी जाळल्या', आणि त्यांना मारायला लावतो. तिथे रोग नाही, कुणाचा जीव वाचत नाही. म्हणून गैरसमज वगैरे काही नाही, तो दुष्टच.

रात्रपाळी
बोटींचा मुद्दा कबूल. पण तुम्ही त्याच्यासाठी अंथरलेला सापळा अजिबात मोजत नाही. क्रम लावून बघा. अँडोरहाल गावात रोग पसरवणारा मांत्रिक केलथुझाड मरायच्या आधी स्वतःहून सांगतो की माझा धनी मालगानिस नावाचा असुर, तो स्ट्रॅटहोमला सापडेल. मरणारा शत्रू पत्ता कशाला देईल? स्ट्रॅटहोमचं काम संपल्यावर मालगानिस निसटतो आणि जाता जाता नॉर्थरेंडचं आमंत्रण देऊन जातो. तिथे फ्रॉस्टमोर्न ही तलवार वाट बघत असते, आणि तलवारीमागे मृतांच्या फौजेचा धनी लिच किंग. या मुलाला दोरी बांधून ओढत नेलंय. ज्याच्या प्रत्येक वळणावर दुसऱ्याने पाटी लावलीय, त्याला सरळ दुष्ट म्हणणं मला पटत नाही.

खारी बिस्किट
दोघांशीही असहमत. बुरूजभाऊ, स्ट्रॅटहोमला तुम्ही फार स्वस्तात सोडलंत. वेशीवरचा प्रसंग पुन्हा बघा. एकही घर तपासलेलं नाही. कुणी धान्य खाल्लं, कुणी नाही, याची विचारणा नाही. हा येतो आणि थेट निकाल देतो, सगळ्यांना लागण झालीय. शहराचे दरवाजे बंद करून गल्लीगल्लीने वेगळं काढायचा विचारसुद्धा कुणाच्या तोंडून निघत नाही. उथर म्हणतो दुसरा मार्ग असेल, तर हा त्याला देशद्रोही ठरवून पदावरून काढतो. घाई समजू शकते. पण प्रश्न विचारणाऱ्यालाच हाकलून द्यायचं, ही घाई नव्हे.

रात्रपाळी
वेगळं काढायचं, पण कसं? त्याआधीचं मिशन आठवा, हार्थग्लेन. रिकाम्या पेट्या सापडतात, म्हणजे धान्य वाटून झालेलं, आणि बघता बघता खाल्लेले लोक उठून अंगावर येतात. मग उथर येईपर्यंत मूठभर सैन्यावर ३० मिनिटं गाव लढवायचं. ज्याने ती ३० मिनिटं काढलीयत त्याला 'तपासत बसू' हे वाक्य सुचणार नाही. रोगाची चाचणी नाही, उतारा नाही, पॅलाडिनच्या जादूनेही रोग जात नाही. उथर 'दुसरा मार्ग असेल' म्हणतो, पण कोणता ते सांगत नाही. आणि मार्ग नाही म्हणून थांबतो का? नाही, घोडा वळवून जातो. शहर तसंच सोडून. याला तत्त्वनिष्ठा म्हणायचं असेल तर म्हणा, मला हात झटकणं वाटतं.

खारी बिस्किट
चाचणी होती की! 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या २००८ च्या 'रॅथ ऑफ द लिच किंग' या पुरवणीत हेच स्ट्रॅटहोम पाच जणांचं डन्जन (मिळून खेळायची मोहीम) म्हणून येतं. आर्थस पोचायच्या आधी क्रोमी एक यंत्र देते, ते धान्याच्या ५ पेट्यांवर चालवायचं की रोग डोळ्यांना दिसतो.

रात्रपाळी
आणि क्रोमी कोण? काळाची राखण करणारी ड्रॅगन. भविष्यातून आलेल्या खेळाडूंच्या हातातलं यंत्र आर्थसच्या खिशात कुठून येणार? उलट त्या डन्जनमध्ये आपल्याला आर्थसच्याच बाजूने लढून कत्तल घडू द्यावी लागते, नाहीतर पुढचा इतिहास बिघडतो. तुमचा पुरावा माझ्या बाजूने साक्ष देतोय.

तिसरी घंटा
मिशन कसं रचलंय याबद्दल कुणीच बोलत नाहीये. मालगानिसने १०० नागरिक ताब्यात घ्यायच्या आत आपण १०० मारायचे. घरं फोडायची, आतून माणसं बाहेर पडतात, थोड्या वेळाने त्यांची झाँबी होतात. मालगानिसला पाडलं तरी तो काही वेळाने पुन्हा उभा राहतो, म्हणून त्याच्या तळावर सैन्य वाया घालवणारे हमखास हरतात. दोन तुकड्या करून वस्ती वाटून घ्यावी लागते. म्हणजे काय होतं, तर पहिल्या घराला जीव कचरतो आणि चाळिसाव्या घराला आपण फक्त आकडा बघत असतो. थांबायची सोय गेममध्ये नाही. आर्थसच्या डोक्यात जे झालं ते आपल्या हातात होतं, म्हणून हे मिशन भारी आहे.

दुसरं म्हणजे पॅलाडिन आर्थस आणि (तलवार उचलल्यानंतरचा) डेथ नाइट आर्थस यांची कौशल्यं शेजारी ठेवा. होली लाइट पहिल्या पातळीला जिवंतांचे २०० पॉइंट भरून काढतं आणि मृतांना १०० चा दणका देतं. डेथ कॉइल नेमकं उलट, मृतांना २०० देतं, जिवंतांचे १०० काढतं. शेवटचं कौशल्य तिकडे रिझरेक्शन, इकडे अ‍ॅनिमेट डेड, दोन्हींत ६ प्रेतं उठतात. फरक इतकाच की रिझरेक्शनने आपलीच माणसं परत येतात आणि टिकतात, अ‍ॅनिमेट डेडने कुणाचीही उठतात आणि थोड्या वेळाने कोसळतात. हात तोच, फक्त पालथा. 'तलवारीने आत्मा घेतला, तो वेगळाच माणूस' असं म्हणणाऱ्यांनी हे बघावं.

मोडका बुरूज
तिसरी घंटा, दंडवत.

रात्रपाळी, सापळा होता हे मान्यच आहे. पण सापळ्यात चारा उंदराच्या आवडीचाच लावतात. फ्रॉस्टमोर्नपाशी तर काही लपवलेलंही नव्हतं. सोबतचा बुटका योद्धा म्युराडिन चौथऱ्यावरचा लेख वाचून दाखवतो, ही तलवार शापित आहे म्हणून बजावतो. आर्थस म्हणतो, माझ्या भूमीसाठी कुठलाही शाप चालेल. बर्फ फुटतं, तुकडा लागून म्युराडिन पडतो, आणि हा तलवार उचलून चालू लागतो. इथपर्यंत आत्मा शाबूत होता बरं का. तलवार हातात आल्यानंतरचं सगळं (बापाचा खून, उथरचा खून, एल्फ सेनानी सिल्व्हानसला मारून तिची बॅन्शी, म्हणजे किंचाळणारं भूत करणं) हवं तर लिच किंगच्या खात्यावर टाका. आधीचं कुणाच्या खात्यावर?

रात्रपाळी
तरी काहीतरी उरलं होतं. पुढे आर्थस स्वतःच लिच किंग होतो. तो मेल्यावर शॅडोमोर्न ही कुऱ्हाड असलेल्या खेळाडूंना जी पेटी मिळते, तिच्यात जेनाचं लॉकेट निघतं. इतकी वर्षं जपलं होतं. शिवाय हॉल्स ऑफ रिफ्लेक्शन या डन्जनमध्ये उथरच्या आत्म्याचाच अंदाज आहे की आर्थसचा शिल्लक अंश स्कर्जला, म्हणजे मृतांच्या फौजेला, आवरून धरतोय.

खारी बिस्किट
लॉकेट जपणं म्हणजे चांगुलपणा नव्हे. आठवण ठेवूनही माणूस खून करत राहतो, हे उलट जास्त वाईट. आणि त्याचं काढलेलं काळीज टिरियन या पॅलाडिनच्या हाती लागतं तेव्हा तो ते नष्ट करतो, जपून ठेवत नाही. 'आवरून धरतोय' हे मात्र खोडता येत नाही, ते घ्या तुमच्या पदरात.

मोडका बुरूज
हॉल्स ऑफ रिफ्लेक्शनचं नाव काढलंतच, तर तिथले पहिले दोन बॉस बघा. फाल्रिक आणि मार्विन. आर्थसच्याच हाताखालचे, त्याच्याबरोबर नॉर्थरेंडला गेलेले अधिकारी. राजाने सैन्य परत बोलावलं तेव्हा बोटी शाबूत राहिल्या असत्या तर हे दोघे जिवंत लॉर्डेरॉनला पोचले असते. अजून तिथेच पहाऱ्यावर आहेत.