अनुभव धागा: जपानी शिकल्यावर जपानमध्ये कलेवर पोट भरायचं तर

गोव्यातून जपानी शिकलेल्यांची पहिली विचारणा एन-टूची, म्हणजे जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेतल्या दुसऱ्या पातळीची, असते. कलेच्या वाटेवर खरी अडचण येते ती व्हिसा, रंगात घालायचा सरस (डिंकासारखा चिकट पदार्थ) आणि पैशांच्या कागदांत. ज्यांना यातलं ठाऊक आहे त्यांनी नेमकं लिहावं: आकडे, क्रम, कुठे बिनसतं आणि का.

पणजी, भाषांतर

व्हिसाचा प्रकार आधी ठरवा, गॅलरी मग शोधा. 'कलाकार' व्हिसासाठी कलेच्या कमाईवर तिथे राहता येईल हे प्रदर्शनं, पुरस्कार, करार दाखवून पटवावं लागतं. नुकत्याच पदवी घेतलेल्याकडे ते कुठून असणार? 'सांस्कृतिक उपक्रम' व्हिसावर गुरूंकडे शिकता येतं, पण मोबदला घेता येत नाही, म्हणून राहण्याखाण्याचा खर्च आधीच हाताशी हवा. विद्यार्थी व्हिसावर वेगळी परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येतं. नव्याने येणाऱ्याला ती विमानतळावर उतरतानाच मागता येते.

पदवीधरासाठी सगळ्यात पक्की वाट भाषांतराची. परदेशी संवेदनशीलतेवर आधारलेल्या डिझाइनसारख्या कामांना साधारण ३ वर्षांचा अनुभव मागतात. भाषांतर आणि दुभाष्याच्या कामाला पदवीधरांना ती अट नाही. मात्र भाषांतराच्या नोकरीच्या व्हिसावर चित्रांचे पैसे घ्यायचे असतील तर पुन्हा वेगळी परवानगी लागते.

एन-टूला १८० पैकी ९० गुण लागतात आणि प्रत्येक विभागात ६० पैकी किमान १९. एकूण ११० मिळूनही ऐकण्यात १८ पडले तर नापास. परीक्षेत बोलणं आणि लिहिणं नसतंच, त्यामुळे गॅलरीला पत्र लिहिण्याचा सराव वेगळा करावा लागतो.

डिचोली, निहोंगा (पारंपरिक जपानी चित्रशैली)

निकावा म्हणजे जनावराच्या कातडी-हाडांचा सरस, निहोंगात रंग कागदाला धरून ठेवणारा. १० ग्रॅम निकावा १०० मिली पाण्यात रात्रभर भिजवा आणि गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून विरघळवा. ६०-७० अंशांच्या वर नेऊ नका. उकळला की त्याचा चिकटपणा जातो आणि वाळलेला रंग बोटाला लागतो. आपल्या पावसाळ्यात हा सरस बाहेर ठेवला तर लगेच कुजतो. फ्रिजमध्ये ठेवा, थोडाच करा. वाशी (जपानी हातकागद) हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवला नाही तर त्यावर बुरशीचे ठिपके येतात, ते जात नाहीत.

इथल्या दमट हवेत सरस जरा जास्त पडला तरी कळत नाही. तेच चित्र टोकियोच्या कोरड्या हिवाळ्यात गेलं की सरसाचा थर आक्रसतो आणि रंग तडकतो. म्हणून दाट सरसाच्या एका थरापेक्षा पातळ सरसाचे दोन-तीन थर द्या.

पाठवताना साध्या लाकडाची पेटी केली तर आयएसपीएम-१५ चा, म्हणजे लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा, शिक्का लागतो. प्लायवूडला लागत नाही.

मडगाव, प्रदर्शनं

'काशी गारो' म्हणजे भाड्याची गॅलरी, बहुधा आठवड्याच्या हिशेबाने. 'किकाकू' प्रदर्शनात गॅलरीच कलाकार निवडते, भाडं घेत नाही, विक्रीतला वाटा घेते. अनोळखी गॅलरीला पहिल्या मेलमध्ये 'ओसेवा नि नात्ते ओरिमासु' लिहू नका, ते ओळख असलेल्यांसाठी. 'तोत्सुझेन नो गोरेनराकु शित्सुरेइ इताशिमासु' (अचानक संपर्क केल्याबद्दल माफ करा) असं सुरू करा. निमंत्रणाचं कार्ड १०० × १४८ मिमी, तिथल्या पोस्टकार्डाच्या मापाचं.

आणि कळकळीने सांगते, पोर्टफोलिओत फुजी आणि साकुरा भरू नका. ते तिथे त्यांचे लोक पिढ्यान्‌पिढ्या काढत आलेत. आपल्या देवळांवरची कावी, चुन्याच्या गिलाव्यावरचा तांबडा थर खरवडून काढलेली ती नक्षी, तुम्ही आजच्या कामात कशी आणता हे दाखवा.

फोंडा, चित्रांचा हिशेब

गोव्यात राहून जपानी प्रकाशकाला चित्र वापरायला दिलं तर प्रताधिकाराच्या मोबदल्यातून २०.४२ टक्के कर कापला जातो. भारत-जपान करारानुसार तो १० टक्के होतो. त्याचा अर्ज पैसे निघण्यापूर्वी, पैसे देणाऱ्यामार्फत तिथल्या कर कार्यालयात जायला हवा. राहून गेलं तर परताव्याचा अर्ज करता येतो, पण त्यात वेळ जातो.

तिथे खातं उघडलंत तर नावाचं काताकाना (परदेशी नावं लिहायची जपानी लिपी) एकदाच ठरवा. बिलावर 'शुरिपादो' आणि खात्यावर 'शिरिपादो' असेल तर बँक पैसे परत पाठवते. म्हणून पासबुकावर छापलंय तेच अक्षरशः बिलावर उतरवा, लांब स्वराच्या रेघेसकट.