रुबी आणि टॉड: गाळलेलं यमक

ब्रिटनमध्ये पोलिसाला 'बॉबी' म्हणतात, त्याचं मूळ रॉबर्ट पील ('बॉबी' हे रॉबर्टचं लाडकं रूप), हे म्हणणं बरोबर आहे. १८२९ साली लंडनचं पोलीस दल उभं राहिलं तेव्हा ते गृहमंत्री होते. पण त्यावरून काहीजण काढतात तो 'बोलीत रुळलेल्या अशा प्रत्येक नावामागे त्याच क्षेत्रातला कुणीतरी माणूस असतो' हा निष्कर्ष पटत नाही. कॉकनी यमकी बोलीतली (पूर्व लंडनची बोली, जिच्यात शब्दाऐवजी त्याच्याशी यमक जुळणारं काहीतरी म्हणतात) नावं वेगळ्याच वाटेने येतात.

ब्रिटनमध्ये 'रुबी खायला जाऊ' म्हणजे करी खायला जाऊ. रुबी मरे ही बेलफास्टची गायिका, १९५५ साली एकाच आठवड्यात तिची पाच गाणी पहिल्या विसात होती. तिचा आणि करीचा संबंध एवढाच, की 'मरे' आणि 'करी' यांचं इंग्रजी उच्चारात यमक जुळतं. मग यमक जुळवणारं आडनावच गाळतात आणि मागे उरतं नुसतं 'रुबी'. नवख्याची दांडी गुल होते ती इथेच! 'ऑन माय टॉड', म्हणजे एकटाच, यातला टॉड स्लोन हा अमेरिकन जॉकी. 'स्लोन'चं यमक 'ओन'शी, म्हणून 'ऑन माय ओन'च्या जागी तो आला. मात्र हा 'टॉड' सुटा चालत नाही, आधी 'ऑन माय', 'ऑन हिज' असं काहीतरी लागतंच. आणि आडनाव दर वेळी गळतं असंही नाही. 'पीट टाँग' (म्हणजे 'राँग', सगळं बिनसलं) हा डीजे पूर्ण नावानिशीच वापरतात. चहाची 'रोझी ली' ('ली'चं यमक 'टी'शी) मात्र दोन्ही तऱ्हांनी चालते.