‘ऐंद्रिय सुख’ नको, मग काय?

नौपाडेकर
आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा गच्चीवर पडदा लावून सिनेमा दाखवतात. यावेळी खाण्यापिण्याचे सिनेमे आहेत आणि सूचनाफलकावर दोन ओळी लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. ‘अन्नाचं ऐंद्रिय सुख’ लिहिलं तर बायको म्हणाली, हे वाचून लोक मुलांना घरी ठेवून येतील. ‘रसनातृप्ती’ लिहिलं तर ते मसाल्याच्या पाकिटावरचं वाटतं. घास तोंडात गेल्यावर डोळे आपसूक मिटतात ना, त्या सुखाला साधा शब्द काय?

वाशीवाली
नाम शोधू नका. जी आहेत त्यांत ओरडा भरलेला आहे: जिभेचे चोचले, चटोरपणा, खा-खा, जिव्हालौल्य. ही सगळी दुसऱ्याने आपल्याला ऐकवलेली. सुख आहे ते क्रियापदांत. चाखणे, चाटणे, चोखणे, चघळणे, भुरकणे, ओरपणे. प्रत्येकात तोंड वेगळं चालतं. तीच गत नाकाची. आमच्या वाशीच्या एपीएमसी घाऊक बाजारात हापूसची पेटी उघडली की जाणता माणूस आंबा दाबत नाही, देठाकडून हुंगतो. ‘वास घेणे’ लांबूनही होतं, हुंगताना नाक टेकावं लागतं. रायवळ तर घोळवून चोखायचा, बाठा पांढरा पडेपर्यंत. रस कोपरापर्यंत ओघळला तरी कोणी उठायचं नाही.

कळवेकर
‘खमंग’ राहिला की! तो मुळात चवीचा नाही, वासाचा. भाजणं, तळणं, फोडणी, यांपैकी काहीतरी घडल्याशिवाय लागत नाही. थालीपीठ खमंग, चकली खमंग. उकडीच्या मोदकाला मी तरी कोणी खमंग म्हटलेलं ऐकलं नाही. आणि ‘खमंग काकडी’? काकडी बिचारी पाणचटच, खमंगपणा सगळा दाण्याच्या कुटाचा आणि जिरं-हिंगाच्या फोडणीचा.

सिनेमाची पंचाईत इथेच. पडद्याला वास नाही. म्हणून ‘द लंचबॉक्स’मध्ये (2013) इरफान खान डबा उघडतो तेव्हा आपण डब्यापेक्षा त्याचा चेहरा बघत राहतो. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी तर दिसतच नाहीत, भारती आचरेकरांचा नुसता आवाज आणि खाली सोडलेली टोपली. तरी मसाला पोचतो.

नौपाडेकर
वाशीवाली, भुरकणं सुखाचं कसं? आम्हाला लहानपणी आमटीचा भुरका मारला की टपली बसायची.

तलावपाळीवरून
टपली आवाजाला होती, सुखाला नव्हे. जपानात नूडल्स आवाज करत खाणं असभ्य मानत नाहीत. ‘टाम्पोपो’ (1985, दिग्दर्शक जुझो इतामी) बघा. एक बाई मुलींना स्पॅगेटी आवाज न करता खायचे पाश्चात्त्य रीतिरिवाज शिकवत असते. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा गोरा माणूस असा काही भुरका मारतो की सगळ्या मुली सुरू, शेवटी बाईसुद्धा. भुरका म्हणजे घास आणि हवा एकदमच आत. वास घशाकडून नाकात चढतो, त्यामुळे चवही जास्त लागते. ओरपण्यात मात्र तो नाजूकपणा नाही. कढी ओरपतात, पैसाही ओरपतात.

घोडबंदरची
मिसळीचं कोणीच बोलेना, ठाण्यात राहून! मामलेदार मिसळवाल्याकडे तिखट मिसळ घेऊन नाक-डोळे गळताना हाय-हुय करत पुढचा पाव मोडतात, हे सुख कोणत्या क्रियापदात बसवाल? तसं बघितलं तर झणझणणं ही चवच नाही. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या उष्णता जाणवणाऱ्या ग्राहींना चाळवतं, म्हणून भाजल्यासारखं होतं. गंमत शब्दांची आहे. आयुर्वेदातल्या षड्रसांत, म्हणजे सहा चवींत, ‘कटु’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू. आपण ‘कटु’वरून ‘कडू’ केलं आणि चव बदलून टाकली! जुनं पथ्याचं पुस्तक वाचून स्वयंपाक करणाऱ्यांनी जपून.

कळवेकर
रसाचा विषय निघालाच आहे तर, सिनेमा आणि जेवण ही जोडी आपल्याकडे फार जुनी आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने नाटकाचा रस समजावताना जेवणाचाच दाखला दिलाय: नाना व्यंजनांनी सिद्ध केलेलं अन्न खाणारे लोक जसे रस चाखतात, तसा प्रेक्षक. पुढे नाट्यशास्त्राचा टीकाकार अभिनवगुप्त याने त्या आस्वादाला ‘चर्वणा’ म्हटलं. चर्वणा म्हणजे चावणंच! तेव्हा पंडितांनाही क्रियापदच सापडलं, वाशीवालीबाई जिंकल्या.

नौपाडेकर
ठरलं. ‘मिटक्या मारत बघावेत असे सिनेमे.’

वाशीवाली
मिटक्या मारायला तोंडात काहीतरी लागतं हो. ‘तोंडाला पाणी सुटेल’ लिहा, नाहीतर मध्यंतरात बटाटवड्यांची सोय करा.

नौपाडेकर
वडे सांगितलेत. ओळ तीच ठेवतो.