मदत हवी आहे: कुत्र्या-मांजरांच्या ओटीसाठी (ऑपरेशन थिएटरसाठी) नवा दिवा. छताचा घ्यावा की स्टँडचा? आणि लक्सच्या (प्रकाश मोजायच्या) आकड्यावर किती विसंबावं?

पंजा (धागाकर्ती)

तालुक्याच्या गावी लहान प्राण्यांचं क्लिनिक आहे. ओटीची खोली १२ बाय १४ फूट, वर ५ इंची आरसीसी स्लॅब, फरशीपासून स्लॅबची उंची २९० सेंमी. फॉल्स सिलिंग व्हायचं आहे. सध्या चार बल्बांचा हॅलोजन स्टँड वापरते. त्याचे दोन होल्डर जळालेत आणि उष्णता-रोधक काच कधीच गेली आहे.

काम आठवड्याला १० ते १२ शस्त्रक्रियांचं. बहुतेक स्पे (मादीची नसबंदी), मधूनमधून पायोमेट्रा (गर्भाशयात पू), स्तनाच्या गाठी, आतड्यात अडकलेलं काहीतरी. हाडाचं काम महिन्यातून एखादं. टेबलाशी मी एकटी, भूल सांभाळायला एक मदतनीस. लाइट दिवसातून एकदा-दोनदा जाते, इन्व्हर्टर आहे.

हातात तीन कोटेशन आहेत:

अ) छताचा डबल डोम (डोम म्हणजे दिव्याचं गोल डोकं), 'एकूण ३,२०,००० लक्स', रंग-तापमान (प्रकाश पिवळसर की निळसर) बदलता येतं, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 'हाय'.
ब) छताचा सिंगल डोम, व्यास ५० सेंमी, १,००,००० लक्स, सीआरआय ९५, ४३०० केल्विन.
क) पाच चाकांचा स्टँड, डोम ३० सेंमी, ६०,००० लक्स, आत बॅटरी.

'अ' ची किंमत 'ब' च्या जवळजवळ दुप्पट आहे. तेवढे पैसे घालण्यात अर्थ आहे का? की जुन्याच स्टँडमध्ये एलईडी बल्ब टाकून दोन वर्षं काढावीत?

टाका_गाठ

शेवटचा प्रश्न आधी संपवतो. जुन्या परावर्तकात एलईडी बल्ब चालत नाही. तो परावर्तक हॅलोजनच्या इवल्याशा फिलामेंटसाठी घडवलेला असतो आणि फिलामेंट बरोबर नाभीवर बसतं. एलईडी बल्बमध्ये प्रकाश देणारे तुकडे पसरलेले आणि नाभीपासून सरकलेले असतात. मग मधे काळा डाग आणि कडेला कडं असा प्रकाश पडतो. बल्बचे पैसे फुकट.

आता लक्स. ओटीच्या दिव्यांचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०६०१-२-४१. त्यात एका डोमचा मध्यबिंदूवरचा प्रकाश, १ मीटर अंतरावर, ४०,००० ते १,६०,००० लक्स यांच्या दरम्यान हवा. 'अ' वाल्याने दोन डोमांची कमाल बेरीज करून ३,२०,००० छापलंय. ही बेरीज एकाच जखमेवर खरोखर टाकली तर काय होईल? चांगल्या एलईडी दिव्यात दर लक्समागे साधारण साडेतीन मिलीवॅट प्रति चौरस मीटर ऊर्जा येते. म्हणजे ३,२०,००० ला १,१२० वॅट प्रति चौरस मीटर. मानकाची मर्यादा १,००० ची आहे. उघडं आतडं वाळायला एवढं पुरेसं आहे, आणि दर दोन मिनिटांनी सलाइन ओतत बसाल.

स्पेला ६०,००० ते ८०,००० लक्स नीट पडले तरी पुष्कळ. 'नीट' म्हणजे काय, ते लक्सच्या आकड्यात दिसत नाही. त्यासाठी पुरवठादाराकडे तीन आकडे लेखी मागा:

डी-१०: मध्यापासून प्रकाश दहा टक्क्यांवर उतरतो त्या वर्तुळाचा व्यास. तुमच्या कामाला १८ ते २५ सेंमी बरा. डी-५० (तसाच, पण पन्नास टक्क्यांचा व्यास) हा त्याच्या निम्म्याहून कमी नको. कमी असेल तर मधे भगभगीत आणि कडेला अंधुक दिसतं, डोळा लवकर थकतो.

प्रकाशाची खोली: डोम वर-खाली न करता किती सेंमीपर्यंत प्रकाश कमालीच्या ६० टक्क्यांवर टिकतो. खोल छातीच्या कुत्रीत ओव्हरीचा पेडिकल (देठ) शोधताना उपयोगी पडतो तो हाच आकडा. कोटेशनमध्ये तो बहुधा नसतो. मागितल्यावर विक्रेता गडबडला तर त्यातूनही काय ते कळतं.

सावलीत उरणारा प्रकाश: डोमखाली एक आणि दोन आडोसे ठेवल्यावर किती टक्के उरतो ते. तुम्ही एकट्या काम करता, म्हणजे तुमचं स्वतःचं डोकं हाच मुख्य आडोसा.

शेवटच्या मुद्द्यावरच 'क' मागे पडतो. ३० सेंमीच्या डोमवर डोकं आलं की जवळपास सगळा प्रकाश अडतो. ५० सेंमीच्या डोमच्या कडेच्या भिंगांतून किरण डोक्याच्या बाजूने जखमेत पोचतात. लक्स दोघांचे सारखे असले तरी हा फरक राहणारच.

पंजा

सीआरआयचं काय? 'हाय' आणि '९५' यात प्रत्यक्ष काय फरक पडतो? आणि 'अ' चं रंग-तापमान बदलणं कामाचं आहे का?

टाका_गाठ

'हाय' ला काही अर्थ नाही. मानकात ८५ ते १०० ची अट आहे, पण त्यातही मेख आहे. नेहमीचा सीआरआय ही आठ फिक्या रंगांची सरासरी असते. गडद लाल, म्हणजे आर-९, त्यात मोजलाच जात नाही. स्वस्त पांढऱ्या एलईडीत सीआरआय ८० आणि आर-९ शून्याच्या आसपास असं सर्रास आढळतं. तसल्या प्रकाशात रक्त, गुठळी, स्नायू सगळं एकाच तपकिरी छटेत मिसळतं. वर मदतनिसाला हिरड्या फिकट दिसतात आणि विनाकारण धावपळ होते, किंवा खरी निळसर झाक नजरेतून सुटते. 'ब' कडून आर-९ चा आकडा घ्या. ९० च्या वर असेल तर उत्तम.

डेमोला जाताना खाटकाकडून कोंबडीचं काळीज, चरबी चिकटलेला मांसाचा तुकडा आणि गोठलेलं रक्त न्या. विक्रेता हसला तर हसू दे. चरबी पिवळसर, स्नायू लाल, गुठळी काळपट अशा तीन छटा वेगळ्या दिसल्या पाहिजेत.

रंग-तापमान बदलणारे बरेच दिवे उबदार आणि थंड अशा दोन जातींचे एलईडी मिसळून ते करतात. पांढऱ्या कागदावर हात धरून सावलीची कड पाहा. पिवळी-निळी किनार दिसली तर मिश्रण भिंगाच्या आत होत नाही, जखमेवर होतं. हात हलला की जखमेत रंगीत सावल्या नाचतात. त्यापेक्षा एकच ४३०० ते ४५०० केल्विन बरा.

फेज_न्यूट्रल

दिव्यांपेक्षा जास्त तक्रारी बसवण्याच्या असतात, म्हणून तेवढंच लिहितो.

डोम आणि त्याला धरणारे दिव्याचे हात (सांध्यांचे दांडे) मिळून वजन २८ किलो आणि भार मध्यापासून सरासरी १ मीटरवर धरला तर स्लॅबला बोल्टने बसणाऱ्या प्लेटवर २७५ न्यूटन-मीटरचा वाकवणारा जोर येतो. २० सेंमी चौरस प्लेटवर चार बोल्ट असतील तर ताणाच्या बाजूच्या दोघांवर प्रत्येकी ७५ ते ८० किलोचा ओढा. एम१२ (१२ मिमी जाडीच्या) फास्टनरला हे जड नाही, पण फास्टनर काँक्रीटमध्ये हवा. प्लास्टरचे १२ ते १५ मिमी हिशेबात धरायचे नाहीत. तुमची स्लॅब १२५ मिमीची. तिच्यात ११० मिमी खोल भोक पाडलं तर वरचा पापुद्रा उडेल आणि पावसाळ्यात तिथूनच गळेल. ८० मिमीच्या आसपास थांबा. केमिकल फास्टनर (भोकात रसायनाने चिकटवलेला रॉड) वापरणार असाल तर भोक ब्रशने घासून आणि फुंकून दोनदा साफ करायला लावा. धुळीवर रसायन चिकटत नाही, महिन्याभरात रॉड सैल होतो. रसायन वाळायला ट्यूबवर लिहिलेला वेळ पूर्ण द्या. त्याआधी नट आवळायचे नाहीत.

फॉल्स सिलिंगला दिवा लटकवणारे महाभागही आहेत, तेव्हा क्रम सांगून ठेवतो: फास्टनर, प्लेट, वायरिंग, मग फॉल्स सिलिंग आणि शेवटी हात. प्लेटशेजारी दोन फुटी उघडता येणारा चौकोन ठेवा.

प्लेट पाणसळीने तपासा, दोन्ही दिशांनी. अर्धा अंश जरी कलली तरी डोम हळूहळू एकाच बाजूला सरकत राहतो. मग लोक ब्रेकचा स्क्रू आवळतात, हात जड होतो, आणि शेवटी ब्रेकचा पट्टा झिजतो. आडवा सरकत असेल तर दोष प्लेटचा, वर-खाली सरकत असेल तर स्प्रिंगच्या ताणाचा. ताण ॲलन कीने जुळतो. हँडल लावून जुळवा, हँडलचंही वजन असतं.

उंचीचा हिशेब: टेबल ९० सेंमी, जखम साधारण १०० वर, डोम तिच्यापासून १ मीटर, म्हणजे डोमचा तळ २०० ला. आडवा हात २२५ वर ठेवायचा तर स्लॅबपासून ६५ सेंमीची उभी नळी. पुरवठादार नळी मापाने कापून देतो, मात्र माप फॉल्स सिलिंगपासून नव्हे, स्लॅबपासून सांगा. खोलीत पंखा आहे का?

पंजा

आहे. टेबलापासून चारेक फुटांवर, ४८ इंची.

फेज_न्यूट्रल

काढा. पात्यांची पातळी साधारण २६० ला असते. स्प्रिंगचा हात ७० सेंमीचा असेल आणि ४५ अंश वर गेला तर टोक २७५ ला पोचतं. एक ना एक दिवस पातं डोमवर बसणार. शिवाय उघड्या पोटावर पंख्याची धूळ नकोच. भिंतीवरचा एसी लावा, झोत टेबलावर येणार नाही असा.

विजेचं: डोम ६० वॅटचा धरू. १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-तास) च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये म्हणजे १६८ वॅट-तास. तासाभरात उपसल्या तर त्यातले ६० टक्केच हाती लागतात, म्हणजे १००. त्यातून कन्व्हर्टरचं नुकसान वजा केलं की सव्वा ते दीड तास यांच्या मधे कुठेतरी, आणि तेही नव्या बॅटरीवर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात अशी बॅटरी दोन-तीन वर्षांत निम्मी होते. महिन्यातून एकदा मेन बंद करून दिवा किती वेळ चालतो ते घड्याळ लावून पाहा.

२४ व्होल्टचा पुरवठा डबा सिलिंगच्या पोकळीत ठेवू देऊ नका. तिथल्या उकाड्यात त्यातले कपॅसिटर लवकर फुगतात आणि बदलायला शिडी लागते. भिंतीवर हाताशी ठेवा. तिथून डोमपर्यंत १० मीटर तार गेली तर १.५ चौरस मिमीच्या तारेत २.५ अँपिअरला साधारण ०.६ व्होल्ट पडतो, तेवढं चालतं. इलेक्ट्रिशियन ०.७५ ची तार टाकेल तर दुप्पट पडेल.

इन्व्हर्टरचा स्विच 'यूपीएस' मोडवर ठेवा, नाहीतर बदलीच्या क्षणी दिवा डोळा मिचकावतो. डेमोत कॉटरी (विजेने रक्तवाहिनी डागायचं यंत्र) असेल तर ती चालू करून पाहा, स्वस्त ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारी सर्किटं) तिच्यासोबत थरथरतात. मंद केलेल्या दिव्याचं मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करा. पट्टे सरकताना दिसले तर तुमच्या शस्त्रक्रियांचे व्हिडिओही तसेच येतील.

गोठा_ड्यूटी

क्लिनिकच्या आवारात गाई-म्हशीही येत असतील तर 'क' सरसकट बाद करू नका. उभ्या जनावराच्या कुशीतून सिझेरियन किंवा रुमेनोटॉमी (पोटाचा मोठा कप्पा उघडणं) करताना प्रकाश आडवा लागतो. छताचा दिवा तिथे निरुपयोगी. पण २३० व्होल्टची वायर ओल्या गोठ्यात नेऊ नका, बॅटरीवरच चालवा. चाकं पाचही ब्रेकवाली हवीत आणि स्टँड जनावराच्या मागच्या पायाच्या टप्प्याबाहेर. त्याहून सोयीचा डोक्याचा दिवा. लाथ बसली तरी डॉक्टरबरोबर तोही मागे सरकतो!

पंजा

मोठी जनावरं नाहीत. मग 'ब' कडे कल आहे. हँडल आणि सफाईबद्दल कुणी सांगेल का? आणि विक्रेता म्हणतो, प्राण्यांच्या दिव्याला कागदपत्रं लागत नाहीत.

टाका_गाठ

११ फेब्रुवारी २०२० च्या केंद्राच्या अधिसूचनेत वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत माणसांबरोबर प्राणीही आहेत. लेबलवरचा परवाना किंवा नोंदणी क्रमांक आणि ६०६०१-२-४१ चा चाचणी अहवाल मागा. 'प्राण्यांसाठी आहे, चालतं' हे ऐकून घेऊ नका.

हँडल: तीन घ्या. एक लावलेलं, एक ऑटोक्लेव्हमध्ये, एक तयार. कोणत्या तापमानाचं ते लेखी हवं. १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ ते २० मिनिटं, हे तरी सोसलं पाहिजे. साधं एबीएस प्लास्टिक पहिल्याच फेरीत वाकतं आणि मग खाचेत बसत नाही. बसवल्यावर 'टक' आवाज येईपर्यंत दाबा. अर्धवट बसलेलं हँडल जखमेत पडतं.

भिंगाची काच बहुधा पॉलिकार्बोनेटची असते. तिला स्पिरिट किंवा ब्लीच लावलं की बारीक भेगांचं जाळं पडतं आणि प्रकाश धुरकटतो. सौम्य साबणाचं पाणी, मऊ कापड, मग साध्या पाण्याचा हात. रक्ताचे शिंतोडे त्याच दिवशी पुसा. वाळल्यावर खरवडावे लागतात आणि चरे पडतात.

ऑर्डर देताना आणखी एक विचारा: एक एलईडी गेला तर तेवढं मॉड्यूल बदलता येतं का, की पूर्ण डोम परत पाठवायचा? एलईडी सिरीजमध्ये असतात. एक आतून तुटला की त्याची अख्खी माळ विझते. मॉड्यूल आणि ड्रायव्हरचे दर आजच कोटेशनवर लिहून घ्या.

पंजा

शेवटचं. प्लेट टेबलाच्या बरोबर मधोमध घ्यायची ना?

फेज_न्यूट्रल

नको. मधोमध घेतली तर दिवा टेबलावर आणायला त्याचे दोन्ही हात दुमडून ठेवावे लागतात आणि त्यांचा कोपरा तुमच्या कपाळाशी येतो. तुम्ही उभ्या राहता त्याच्या समोरच्या बाजूला ३० ते ४५ सेंमी सरकवा. आधी खडूने फरशीवर खूण करा, टेबल, भुलीचं यंत्र आणि सलाइनचा स्टँड जागेवर लावा, आणि दोरीने हाताच्या लांबीचं वर्तुळ मारून कशाला अडतं ते पाहा. मग ओळंब्याने ती खूण स्लॅबवर न्या.