भिंत तपासली, तळाचं काय?

प्रोबवाला_तुर्भे: अठरा वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात टाक्यांचं यूटी करतोय, म्हणजे ध्वनिलहरींचा प्रोब लावून पत्र्याची जाडी मोजतो. अमेरिकेत हॅनफर्डला, म्हणजे अणुबॉम्बचं प्लुटोनियम बनवायच्या जुन्या कारखान्यात, किरणोत्सारी कचऱ्याची एवाय-१०२ ही दुहेरी कवचाची टाकी आहे, जवळपास ३८ लाख लिटरची. दोन कवचांमधल्या फटीत वरून कॅमेरा सोडायचा, चुंबकी चाकांचा क्रॉलर भिंतीवर फिरवून उभ्या पट्ट्यांची जाडी घ्यायची, अशी तपासणी. २०१२ मध्ये गळती निघाली ती तळातून! बांधतानाच तळाचे साधारण एक तृतीयांश वेल्ड नापास होऊन पुन्हा मारावे लागले होते. बांधकामाच्या फाईलीत होतं सगळं. माझं म्हणणं, प्रोब पोचतो तिथे नाही, फाईल बोट दाखवते तिथे आधी बघा.

खाडीकाठचा: दादा, मागाहून सगळेच शहाणे. तळ काँक्रीटवर टेकलेला, आत जीवघेणं रेडिएशन. प्रोब लावता कुठे? आणि गळती बाहेरच्या कवचात अडली ना? त्यासाठीच असतं ते.

प्रोबवाला_तुर्भे: अडली, मान्य. पण मग उरलं एकच कवच. तिथल्याच १४९ एकेरी टाक्यांपैकी ६७ गळल्याचं धरतात.

सेक्टर_सतरा: वाशी पुलावरून ट्रॉम्बेचं भाभा अणुकेंद्र दिसतं हो. आपलं काय?

खाडीकाठचा: हॅनफर्डला कचऱ्यातलं आम्ल मारायला कॉस्टिक सोडा घालून तो साध्या कार्बन स्टीलमध्ये भरला. आपल्याकडे आम्लयुक्त कचरा स्टेनलेसच्या टाकीत ठेवतात, पुढे काचेत गोठवतात. ती भीती इथे चिकटवू नका.

प्रोबवाला_तुर्भे: मी कुठे ट्रॉम्बेचं बोललो? माझंच सांगतो. रबाळ्यात एक कॉस्टिकची टाकी. जेल लावून भिंतभर रीडिंग घेतली, सगळीकडे आठ मिमी. 'समाधानकारक' लिहून सही ठोकली. चार महिन्यांत खालचा पॅड ओला. टाकी रिकामी केली तर तळाच्या प्लेटमधून स्क्रू-ड्रायव्हर आरपार. जुन्या दुरुस्तीचा कागद स्टोअरमध्ये पडून होता, मी मागितलाच नव्हता.

खाडीकाठचा: म्हणजे चूक तुमची, पद्धतीची नाही.

प्रोबवाला_तुर्भे: माझीच. पण रिपोर्टच्या फॉर्मात 'जुनी दुरुस्ती' असा रकानाच नव्हता, तो फॉर्म कोणी छापला?

खाडीकाठचा: बरं. पण हॅनफर्डवाले गप्प बसलेले नाहीत. तळाखाली हवा खेळायला खाचा आहेत, त्यांतून आता छोटे रोबो घालतात.

प्रोबवाला_तुर्भे: खाचा टाकी बांधली तेव्हापासूनच्या आहेत, साहेब.