अकाउंट बंद, गणपती तोंडावर

पेणला आमचा मूर्तींचा कारखाना. परवा रात्री शाडूच्या मूर्तीचे डोळे आखतानाचा व्हिडिओ टाकला, सकाळी बघतो तर अकाउंट बंद! 'नियमभंग', एवढंच. सहा वर्षांचे फोटो, निम्म्या ऑर्डरी त्यातच. अपील केलं, दोन मिनिटांत नामंजूर. माणसाने वाचलं असेल असं वाटत नाही. काय करू?

मावळा७७: घाईने नवं उघडू नका, तेही उडतं. फॉलोअर वाढवणारं ॲप जोडलं होतं का?

पेणचा मूर्तिकार: पुतण्याने जोडलं होतं म्हणे. आत्ता विचारल्यावर बोलला शहाणा.

कोकणकन्या: मग तिथेच पाणी मुरतंय. कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा, ॲपचं सरळ कबूल करा. २४ तासांत पोच द्यावीच लागते त्यांना. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे जा. २०२३पासून आहे, सगळं ऑनलाइन. मेलची तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा, मी तो विसरले नि दोन आठवडे बोंबलत बसले. आणि 'पैसे द्या, अकाउंट आणून देतो' म्हणणाऱ्याला ओटीपी देऊ नका.

पेणचा मूर्तिकार: आलाय की एक सकाळीच! पाच हजार मागतोय.