‘-तोय’ आलं की इंग्रजीत ‘-इंग’ लावायचं का?

पाटीपेन्सिल:
‘करतो’ म्हणजे साधा वर्तमानकाळ, ‘करतोय’ म्हणजे चालू, एवढं पाठ आहे. पण ‘मला समजतंय’चं ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ केलं की चूक. ‘चल, निघते मी’ला ‘आय लीव्ह’ही चालत नाही. मग बघायचं तरी काय?

कर्ताकर्म:
‘-तोय’कडे बघूच नका, ते फसवतं. क्रियापदात काही घडतंय की नुसती स्थिती आहे, ते बघा. नो (माहीत असणं), अंडरस्टँड, बिलीव्ह, वाँट, नीड, ओन, बिलाँग ही स्थितीची क्रियापदं. यांना ‘-इंग’ सहसा लागत नाही. आपण ‘समजतंय’, ‘पटतंय’ सर्रास म्हणतो, म्हणून घोटाळा होतो. (‘हवंय’मधला ‘य’ तर नुसता ‘आहे’चा, तिथे चालू काळ नाहीच.)

दिसणं-ऐकू येणं याला ‘कॅन’ जोडा. फोनवर ‘आवाज येतोय का?’ म्हणजे ‘कॅन यू हिअर मी?’, ‘आर यू हिअरिंग मी?’ नको.

काही क्रियापदं दोन्हीकडची. ‘मला दोन भाऊ आहेत’ला ‘आय हॅव टू ब्रदर्स’. तिथे ‘हॅविंग’ घातलं की गेलं. पण ‘जेवतोय’ला ‘आय ॲम हॅविंग लंच’ बरोबर, कारण तिथे ‘हॅव’ म्हणजे जेवणं. ‘आय थिंक’ हे मत, ‘आय ॲम थिंकिंग अबाउट इट’ म्हणजे विचार अजून चालू आहे.

झेंडू:
‘निघते’चं उलट आहे. आत्ता होणाऱ्या किंवा ठरलेल्या गोष्टीला मराठीत साधा काळ चालतो, इंग्रजीत ‘-इंग’ लागतं: ‘आय ॲम लीव्हिंग’. ‘उद्या नाशिकला जाते’ म्हणजे ‘आय ॲम गोइंग टु नाशिक टुमॉरो’. मात्र वेळापत्रकाला साधाच काळ: ‘द ट्रेन लीव्ह्ज ॲट सेव्हन टुमॉरो’. आणि निरोपाच्या ‘येते हं’चं भाषांतर करायला जाऊ नका, ‘सी यू’ म्हणा.

पाटीपेन्सिल:
आणि ‘पुण्यात राहतोय’?

कर्ताकर्म:
कायमचं घर असेल तर ‘आय लिव्ह इन पुणे’. महिनाभर मावशीकडे मुक्काम असेल तर ‘आय ॲम स्टेइंग विथ माय आँट’. ‘पाच वर्षं राहतोय’ असं असेल तर हे दोन्ही काळ बाद: ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’. मराठी माणसाची इथे बरेचदा चूक होते.